डोळ्यातली सुई आणि थेंबाची किंमत



डोळ्यात सुई टोचतात, एवढे वाक्य वाचूनच तुमच्यापैकी काही जणांच्या अंगावर काटा उभा राहिला असेल. त्यात नवल नाही. समोर चिलट आले तरी पापणी आपली वाट न पाहता मिटते, तिथे सुईचे नाव काढल्यावर काय होणार! तरीसुद्धा आज जगात दर वर्षी लक्षावधी माणसे डोळ्यात अशी सुई टोचून घेतात आणि त्याच दिवशी घरी जातात. तेव्हा सुईची भीती हा या लेखाचा विषय नाही. सुईतून जो एक थेंब आत जातो, त्याची किंमत किती असावी आणि तो कोणी भरून द्यावा, हा विषय आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हांला ते तपासून पाहता येईल. डोळ्याच्या मागच्या भागातील काही रोगांवर आज एकाच जातीची एकाहून अधिक औषधे मिळतात. त्यांत एक स्वस्त आहे, बाकीची महाग. सुरुवात स्वस्त औषधाने करावी, आणि ते लहान मात्रांत निर्जंतुकपणे भरून देण्याचे काम सरकारने आपल्या अंगावर घ्यावे, असे मला वाटते. या स्वस्त औषधाचे इंजेक्शन घेतल्यावर काही ठिकाणी माणसांचे डोळे गेले, हेही खरे आहे. ते मी लपवणार नाही. पण ते कशाने गेले, हे नीट पाहिले पाहिजे.

आता तुमचा पहिला प्रश्न असा असेल की, सुई हवीच कशाला? डोळ्यात औषधाचे थेंब घालता येत नाहीत का? डोळे आले की आई घालते तसे?

थोडा हिशेब करू या. औषधाचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. आपल्या डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो सगळा मिळून ०.०१ मिलिलिटरसुद्धा भरत नाही. म्हणजे भांडे लहान आणि ओतणे फार. बरेचसे औषध गालावर ओघळते. काही अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून घशात उतरते. डोळ्यात थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशाला कडू चव का लागते, ते आता कळले ना? उरलेल्या औषधाला बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, ओलांडून आत शिरायचे असते. शंभर भागांतले पाचसुद्धा भाग आत पोचत नाहीत. बरे, आत शिरल्यावर तरी वाट मोकळी आहे का? तीही नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत पाझरत असतो. तो नेत्रभिंगाच्या बाजूने निघून बाहुलीतून पुढे येतो आणि पुढच्या कोपऱ्यातून निचरून जातो. औषधाला जायचे आहे मागे आणि प्रवाह वाहतो आहे पुढे! डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पसरलेल्या दृष्टिपटलापर्यंत त्यातले जवळजवळ काहीच पोचत नाही.

मग गोळी घ्यावी, किंवा दंडात इंजेक्शन? दृष्टिपटलाला रक्तपुरवठा तर भरपूर असतो. होय, पण तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंती फार पक्क्या असतात. त्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट चिकटलेल्या असतात की, रक्तातले मोठे रेणू सहजासहजी पलीकडे झिरपत नाहीत. मेंदूभोवतीही असाच बंदोबस्त आहे, आणि दृष्टिपटल हे घडणीने मेंदूचेच एक टोक आहे, तेव्हा हे साम्य योगायोगाचे नाही. रोगात या भिंती गळू लागतात हे खरे, पण तेव्हाही डोळ्यातल्या चिमूटभर जागेसाठी साऱ्या शरीराला औषधाने न्हाऊ घालावे लागते. या हिशेबाकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

राहिली सुई. डोळ्याच्या आत भिंगामागे जी मोठी पोकळी आहे, तिच्यात सुमारे ४ मिलिलिटर काचाभ द्रव भरलेला असतो. त्याला द्रव म्हणतात खरे, पण तो मऊ जेलीसारखा असतो, आणि त्यात ९८ ते ९९ टक्के पाणीच असते. त्याच्यात औषध सोडले की ते हळूहळू पसरत दृष्टिपटलाला जाऊन भिडते. ही कल्पना तशी जुनी आहे. १९११ साली ओम नावाच्या नेत्रवैद्यांनी सुटलेले दृष्टिपटल जागेवर बसवण्यासाठी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. १९४० नंतरच्या दशकात डोळ्यातील जंतुसंसर्गावर पेनिसिलिन टोचून पाहिले गेले. पण नेहमीचा उपाय म्हणून ही सुई रूढ झाली ती गेल्या वीस वर्षांतच.

सुई टोचायची जागाही मोठ्या विचाराने निवडलेली आहे. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात. त्याच्या पुढे टोचली तर भिंगाला धक्का लागेल, मागे टोचली तर दृष्टिपटल फाटेल. मध्ये एक अरुंद पट्टा असा आहे की जिथे यांतले काहीच नाही. आधी डोळ्यात बधिर करणारे औषध घालतात, मग पोव्हिडोन-आयोडिनने पृष्ठभाग आणि पापण्या धुतात, पापण्या मिटू नयेत म्हणून एका लहानशा चिमट्याने उघड्या धरतात. सुई जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची. काही सेकंदांत काम आटोपते. नंतर एक-दोन दिवस नजरेसमोर काळे गोळे तरंगल्यासारखे दिसतात, तेवढेच. टोचून घेणारे बहुतेक लोक सांगतात की, सुईपेक्षा आयोडिनची चुरचुर जास्त त्रास देते.

एवढे सगळे कोणत्या रोगासाठी? मुख्यतः दोन. एक म्हातारपणी होणारा, पीतबिंदूचा ऱ्हास. आणि दुसरा मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा. पीतबिंदू हा दृष्टिपटलाच्या मध्याजवळचा काही मिलिमीटरांचा भाग. तुम्ही हे अक्षर वाचत आहात ते त्याच्या जोरावर. तो बिघडला की माणसाला दाराची चौकट दिसते, पण दारात उभ्या असलेल्या नातवाचा चेहरा दिसत नाही. ताट दिसते, पण ज्या घासाकडे बघावे तोच नाहीसा होतो.

घरी आजी-आजोबा असतील तर एक सोपी परीक्षा करून पाहा. तुमच्या वहीतला आलेखाचा कागद घ्या, मधोमध शाईचा ठळक ठिपका काढा. आजोबांना वाचायचा चष्मा लावायला सांगून कागद वीतभर-दीडवीत अंतरावर धरा. एक डोळा हाताने झाका आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे टक लावून पाहायला सांगा. मग डोळा बदला. रेघा सरळ दिसतात ना? कुठे त्या लहरी खात असतील, किंवा मध्येच डाग दिसत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगा. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी ही चौकटींची परीक्षा रूढ केली. मात्र घरात मधुमेही कोणी असेल तर तिच्यावर विसंबू नका. मधुमेहात रेघा सरळ दिसत असतानाही आत बिघाड चालू असतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याची मागची बाजू तपासून घेणे, याला दुसरा पर्याय नाही. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे किमतीचा विचार करताना लागेल.

दोन्ही रोगांत एक समान सूत्र आहे. जिथे नकोत तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, किंवा जुन्या वाहिन्या गळू लागतात. नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या झिरपतात, फुटतात, आणि पीतबिंदूखाली पाणी-रक्त साचते. पण मुळात त्या फुटतात कशाने? १९४८ साली आयझॅक मायकेलसन या नेत्रवैद्यांनी असा तर्क केला की, प्राणवायूला भुकेले झालेले दृष्टिपटल स्वतःच एखादा पदार्थ सोडत असले पाहिजे, आणि त्या हाकेला ओ देऊन वाहिन्या वाढत असल्या पाहिजेत. पदार्थ हाती लागला नव्हता. नुसता तर्क होता. पुढे १९७१ साली अमेरिकेतील शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठींविषयी असेच काही मांडले: गाठ वाढते ती आपल्यासाठी नव्या वाहिन्या मागवून घेते म्हणून, ती रसद तोडा, म्हणजे गाठ उपाशी राहील. अनेकांनी तेव्हा नाके मुरडली. १९८९ साली कॅलिफोर्नियातील जेनेनटेक या कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव व्ही.ई.जी.एफ. या अक्षरांनी ओळखले जाते. आपण त्याला ‘वाहिनीवर्धक’ म्हणू.

वाहिनीवर्धकाला पकडून निकामी करणारे प्रतिपिंड याच कंपनीने बनवले. त्याचे नाव बेव्हासिझुमॅब, बाजारातले नाव ॲव्हास्टिन. २००४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरण्यास त्याला परवानगी मिळाली. डोळ्यासाठी मात्र कंपनीने निराळा मार्ग धरला. पूर्ण प्रतिपिंडाचा रेणू फार मोठा, तो दृष्टिपटलाच्या थरांतून पार जाणार नाही, असे त्यांना वाटले. म्हणून त्याच घराण्यातला एक छोटा तुकडा बनवला. मोठ्याचा रेणुभार सुमारे १,४९,०००, तर या तुकड्याचा ४८,००० च्या आसपास. हा तुकडा म्हणजे रॅनिबिझुमॅब, ऊर्फ ल्युसेंटिस. त्याच्या चाचण्या खरोखर उत्तम निघाल्या. उपचार न घेतलेल्या गटात वर्षभरात १०० पैकी सुमारे ३८ जणांची नजर बरीच उतरली, औषध घेतलेल्यांत ती फक्त पाच-सहा जणांची. आणि जवळजवळ एक-तृतीयांश लोकांची नजर चांगलीच सुधारली. त्यापूर्वी लेसरने वाहिन्या जाळत, तेव्हा वाहिनीबरोबर आजूबाजूचे दृष्टिपटलही जळे. नजर परत मिळणे ही नवलाची गोष्ट होती. कंपनीचे हे श्रेय कोणी नाकारू नये.

पण ल्युसेंटिसला परवानगी मिळाली २००६ च्या जूनमध्ये. तोपर्यंत रुग्णांनी काय करावे? मायामी येथील बास्कम पामर नेत्रसंस्थेतील डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांना वाटले, मोठा भाऊ तर बाजारात आहेच, तो वापरून पाहू. प्रथम त्यांनी ते शिरेतून दिले. कर्करोगासाठी देतात तशी मात्रा, किलोला ५ मिलिग्रॅम. नजर सुधारली, पण रक्तदाब वाढू लागला. मग २००५ साली त्यांनी ते सरळ डोळ्यात टोचले. पुढे रूढ झालेली मात्रा १.२५ मिलिग्रॅम, ०.०५ मिलिलिटर द्रवात. म्हणजे घशात उतरून वाया जाणाऱ्या त्या थेंबाएवढेच! आता मघाचा हिशेब करा. ६० किलो वजनाच्या माणसाला शिरेतून ३०० मिलिग्रॅम लागले असते. डोळ्यात त्याच्या २४० व्या भागावर काम झाले. आणि रेणू मोठा आहे म्हणून पार जाणार नाही, ही अटकळही टिकली नाही. सूज उतरली, नजर सुधारली.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. कारण किंमत. कर्करोगासाठी येणाऱ्या लहान कुपीत १०० मिलिग्रॅम औषध ४ मिलिलिटरमध्ये असते. ०.०५ ने भागा. कागदावर ८० मात्रा निघतात. प्रत्यक्षात सिरिंजमध्ये थोडे थोडे वाया जाऊन बऱ्याच कमी भरतात, तरी एका कुपीत कितीतरी माणसांचे काम होते. अमेरिकेत त्या वेळी ल्युसेंटिसच्या एका मात्रेला सुमारे २,००० डॉलर पडत, आणि वाटून घेतलेल्या ॲव्हास्टिनच्या मात्रेला सुमारे ५०. हे इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढेही अनेक महिने घ्यावे लागते, कारण काही आठवड्यांत औषध डोळ्यातून निघून जाते आणि वाहिनीवर्धक पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा ५० आणि २,००० यांतला फरक दरमहाचा असतो.

तुम्ही म्हणाल, मग दोन्ही औषधे समोरासमोर ठेवून परीक्षा का नाही घेतली? अगदी बरोबर विचारलेत. पण ती घ्यावी कोणी? दोन्ही औषधे एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेतली. आपले ५० डॉलरचे औषध आपल्याच २,००० डॉलरच्या औषधाइतके चांगले आहे, हे सिद्ध करायला कोणती कंपनी पदरचे पैसे घालील? कंपनीला दोष देण्यापूर्वी हे समजून घ्या. व्यापाऱ्याने व्यापार केला. पण असा प्रश्न बाजारावर सोडला तर तो कायम अनुत्तरितच राहतो, हेही समजून घ्या. शेवटी अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय नेत्रसंस्थेने जनतेच्या पैशातून ती परीक्षा घेतली. सुमारे १,२०० रुग्ण. २०११ साली निकाल आला. नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्यावर, दर महिन्याला औषध घेणाऱ्यांना वर्षाअखेर सरासरी किती अक्षरे जास्त वाचता आली? महाग औषधाने ८.५, स्वस्त औषधाने ८.०. अर्ध्या अक्षराचा फरक. संशोधकांनी दोन्ही तुल्यबळ ठरवली.

याच परीक्षेत एक खुपणारी गोष्टही निघाली. स्वस्त औषध घेणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना वर्षभरात काही ना काही गंभीर दुखणे होऊन गेले, तर महाग औषध घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना. औषधाचा दोष, की योगायोग? पुढे निरनिराळ्या देशांतल्या, कंपन्यांच्या पैशाविना झालेल्या नऊ परीक्षा एकत्र करून २०१४ साली पडताळा घेण्यात आला. साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांच्या त्या पडताळ्यात दोन औषधांत असा फरक आढळला नाही. मधुमेहाची गोष्ट जरा निराळी आहे. २०१५ सालच्या एका मोठ्या परीक्षेत, ज्यांची नजर आधीच बरीच कमी झाली होती, अशा मधुमेहींना अफ्लिबरसेप्ट हे तिसरे, महाग औषध अधिक गुणकारी ठरले. म्हणजे ‘स्वस्त तेच नेहमी पुरेसे’ असे म्हणता येत नाही, आणि मीही ते म्हणत नाही. मी म्हणतो, सुरुवात स्वस्ताने करा. तेही पारखून झाले आहे. २०२२ साली मधुमेहींच्या एका गटाला पहिल्यापासून अफ्लिबरसेप्ट दिले, दुसऱ्या गटाला ॲव्हास्टिनपासून सुरुवात करून गुण न आल्यास मग अफ्लिबरसेप्ट. दुसऱ्या गटातल्या सुमारे ७० टक्के डोळ्यांना दोन वर्षांत औषध बदलावे लागले, पण दोन वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच होती. आधी स्वस्त घेतल्याने कोणाचे काही बिघडले नाही, आणि उरलेल्या ३० टक्क्यांचे महाग औषध वाचले.

आता डोळे गेल्याची हकीगत. २०१० साली शांघायमधील एका रुग्णालयात इंजेक्शन घेतलेल्या ६१ जणांच्या डोळ्यांना एकाएकी दाह झाला. तपासात ते औषध नकली निघाले. २०११ साली मायामी भागात एका औषधालयाने भरून दिलेल्या सिरिंजमधून जंतू गेले आणि १२ जणांच्या डोळ्यांत संसर्ग झाला. २०१६ च्या आरंभी गुजरातेत काही रुग्णांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, आणि भारताच्या औषध महानियंत्रकांनी हे औषध डोळ्यात वापरण्याविरुद्ध इशारा काढला. पुढे तज्ज्ञांचे म्हणणे ऐकून तो मागे घेतला गेला. २०२३ च्या सप्टेंबरात पाकिस्तानातील पंजाब प्रांतात अनेक मधुमेहींची दृष्टी गेली. या माणसांची दृष्टी ही काही किरकोळ किंमत नव्हे. बरे करायला म्हणून गेले आणि आंधळे होऊन आले.

पण नीट पाहा, यांत दोषी कोण? शांघायमध्ये औषधच नव्हते, त्याचे सोंग होते. मायामीत औषध खरे होते, भरणारे हात अस्वच्छ होते. कर्करोगाची कुपी एका रुग्णाला एका वेळी शिरेतून देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात जंतुनाशक घातलेले नसते. तिचे बूच पुन्हा पुन्हा टोचले, किंवा भरलेल्या सिरिंज उघड्यावर, उन्हातान्हात नेल्या, तर एखादा जंतू शिरायला कितीसा वेळ? दंडात असा एखादा जंतू गेला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याचा समाचार घेतात. काचाभ द्रवात रक्तवाहिन्याच नाहीत. तिथे जंतूला ना शत्रू ना अडथळा. एक-दोन दिवसांत डोळा पुवाने भरतो. म्हणजे धोका आहे तो वाटपात आणि भेसळीत. अशा वेळी औषधावरच बंदी घालणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला! बंदी आली की पैसेवाले महाग औषध घेतात. बाकीचे काहीच घेत नाहीत, आणि तेही आंधळे होतात. फक्त ते एका दिवसात होत नाहीत, म्हणून त्यांची बातमी छापून येत नाही.

म्हणून वाटपाची जबाबदारी सरकारने घ्यावी, असे मी म्हणतो. राज्यात एक-दोन ठिकाणी निर्जंतुक भरणी केंद्रे असावीत. कुपी थेट उत्पादकाकडून घ्यावी, म्हणजे नकलेला वाव राहणार नाही. गाळलेल्या हवेच्या खोलीत सिरिंज भराव्यात, प्रत्येक घाणीतल्या काही तपासून पाहाव्यात, प्रत्येकीवर क्रमांक आणि मुदत असावी, आणि २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात त्या जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जाव्यात. सरकारी कारभार म्हटला की ढिलाई आलीच, अशी कोणी शंका काढील. ती अगदीच गैरही नाही. पण रक्तपेढ्यांचा विचार करा. रक्त हे तर औषधापेक्षा नाजूक. ते तपासून, पिशवीत भरून, क्रमांक घालून, थंड ठेवून रोज वाटले जातेच ना? तिथे चुका झाल्या तेव्हा आपण नियम कडक केले, रक्त देणे बंद केले नाही.

रुग्णाला मात्र सारे सांगितलेच पाहिजे. हे औषध मुळात कर्करोगासाठी परवाना मिळालेले आहे, डोळ्यात ते डॉक्टरांच्या जबाबदारीवर वापरले जाते, महाग पर्याय अमुक आहे, दोहोंचे गुणदोष हे आहेत. ‘गरिबाला काय कळते’ असे म्हणून सही घेणे हा अपमान आहे, आणि कोर्टात टिकणाराही नाही.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकू या. त्या म्हणतात, संशोधनाला अफाट पैसा लागतो, दहा औषधांत एखादे यशस्वी होते, तो खर्च कुठून काढायचा? म्हणणे रास्त आहे. पण त्याला मर्यादा आहे. इटलीच्या स्पर्धा आयोगाला २०१४ साली असे आढळले की, रोश आणि नोव्हार्टिस या दोन कंपन्यांनी संगनमताने स्वस्त औषधाविषयी भीती वाढवली. आयोगाने दोघींना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड केला, आणि २०१९ साली तिथल्या वरिष्ठ न्यायसंस्थेने तो कायम ठेवला. इंग्लंडच्या ईशान्य भागातील १२ सरकारी आरोग्यमंडळांनी रुग्णांपुढे स्वस्त पर्याय ठेवायचे ठरवले, तेव्हा औषधकंपन्या न्यायालयात गेल्या. २०१८ साली आणि अपिलात २०२० साली निकाल आरोग्यमंडळांच्या बाजूने लागला. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१३ सालीच हे स्वस्त औषध डोळ्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले होते. ज्या औषधाला ही संघटना अत्यावश्यक म्हणते, ते निर्धोकपणे भरून देण्याची सोय नसणे, हे चमत्कारिक नाही का?

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती अभिमानाची आहे. २०१५ साली भारतात रॅनिबिझुमॅबची तोडीस तोड प्रतिकृती बाजारात आली, जगात प्रथमच. त्यामुळे महाग औषधाची किंमत उतरली. तरीही कुपी वाटून घेतलेल्या थेंबापेक्षा ती जास्तच पडते, आणि दहा कोटी मधुमेहींच्या देशात हा फरक लहान नाही.

२०२४ साली युरोपीय संघाने आणि ब्रिटनने बेव्हासिझुमॅबला प्रथमच डोळ्याचे औषध म्हणून परवानगी दिली. रेणू तोच. पण कुपी डोळ्यासाठी बनवलेली, एका वेळी एकाच डोळ्याला पुरेल एवढी. वाटपातला धोका त्यामुळे टळतो. पण परवान्यासाठी पुन्हा चाचण्या कराव्या लागल्या आहेत, आणि तो खर्च किमतीत येणारच. त्यात वाजवी किती आणि चढवलेला किती, हे बाहेरच्याला कळणे अवघड. उद्या अशी कुपी आपल्या देशात विकायला कोणी आले आणि शेजारी सरकारी केंद्रात भरलेली, तपासलेली सिरिंज हजर असली, तर घासाघीस करणे आपल्याला पुष्कळ सोपे जाईल.